खाटेखालची जागा

आठ रविवार मी आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपदेश केला होता आणि नववा मला करायचा नव्हता. तसं पत्र लिहून मी खिशात ठेवलं होतं. चार ओळींचंच होतं. कॉलेजच्या अभ्यासामुळे वेळ मिळत नाही, क्षमा असावी. अभ्यासाचं कारण खोटं होतं हे मला माहीत होतं, आणि ज्यांना पत्र द्यायचं त्या पाळकसाहेबांनाही ते वाचता वाचताच कळलं असतं.

भोईवाड्यातली आमची मंडळी लहान. पन्नास-साठ माणसं. रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलात उपासना व्हायची, पुरुष उजवीकडे बाकांवर, बायका डावीकडे सतरंजीवर. बहुतेक घरांतले पुरुष गिरणीत. नगरकडच्या खेड्यांतल्या महारवाड्यांतून दोन-तीन पिढ्यांमागे ख्रिस्ती झालेली ही माणसं पोटासाठी मुंबईला आलेली. माझे वडील साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, काम करायचे. आमच्या घरात मॅट्रिक झालेला मी पहिला, आणि त्या वर्षी इंटर आर्ट्सला होतो. पाळकसाहेबांच्या छातीत पाणी झालं आणि त्यांना परळच्या एका इस्पितळात ठेवावं लागलं, तेव्हा मंडळीचे थोरले पंच आमच्या खोलीवर आले आणि वडिलांना म्हणाले, "पोरगं कॉलेजात जातं. साहेब बरे होईस्तोवर चार शब्द बोलेल की." वडिलांना इतका आनंद झाला, की मला विचारायचं राहूनच गेलं.

मी चारचौघांत बोलताना अडखळतो. पण त्याहून मोठी अडचण दुसरी होती. आमच्या मंडळीत उपदेशकाने उतारा निवडायचा नाही अशी रीत आहे. शुभवर्तमान पहिल्या अध्यायापासून ओळीने वाचत जायचं, आणि त्या रविवारी जे येईल त्यावरच बोलायचं. पाळकसाहेब म्हणायचे, "आवडीचा उतारा निवडला की आपणच बोलत राहतो, प्रभूला बोलू देत नाही." त्यांची तयारीची पद्धतही ठरलेली होती. सोमवारी उतारा वाचायचा, आणि शनिवार दुपारपर्यंत एक ओळही लिहायची नाही. "आठवडाभर त्याला बरोबर घेऊन फीर," ते मला इस्पितळाच्या खाटेवरून सांगत. "तुला तो जिथे टोचतो तिथे लोकांनाही टोचणार. तिथूनच सुरुवात कर." मी मान हलवायचो, आणि घरी येऊन सोमवारीच त्यांच्या जुन्या टीकाग्रंथातली पानं उतरवायला घ्यायचो. संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे रोज आमच्या गल्लीवरून जात असताना, आपण शांतता नव्हे तर तलवार घेऊन आलो आहोत असं प्रभू म्हणतो तो भाग आला होता. लोक माना पुढे काढून ऐकत होते. मी ग्रीक शब्दांची माहिती दिली आणि वेळ मारून नेली. बाहेर पडताना एक साचेवाले काका म्हणाले, "चांगलं झालं. समजलं नाही, पण चांगलं झालं."

नवव्या आठवड्यात कनानी बाईचा उतारा आला. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक परजातीची बाई आपल्या आजारी मुलीसाठी प्रभूच्या मागे ओरडत येते. तो आधी उत्तरच देत नाही. शिष्य म्हणतात, हिला घालवून द्या. ती पाया पडते, तेव्हा तो म्हणतो, की मुलांची भाकरी काढून कुत्र्यांपुढे टाकणं बरं नाही. ती म्हणते, हो, पण धन्याच्या मेजाखाली पडलेला चुरा कुत्रीसुद्धा खातात. मग तो तिच्या विश्वासाची तारीफ करतो आणि मुलगी बरी होते.

लहानपणापासून मी हे ऐकलं होतं. पण त्या सोमवारी मी ते गॅलरीत बसून वाचत होतो आणि शेजारच्या खोलीतला यशवंता येऊन बसला. त्याचा आणि माझा आजा एकाच गावचे, एकाच महारवाड्यातले. आमचे लोक ख्रिस्ती झाले, त्याचे होते तिथेच राहिले होते. आणि आदल्या वर्षी आमच्या चाळीतल्या निम्म्याअधिक घरांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला त्यात त्याचं घर होतं. त्या दिवसापासून यशवंता ताठ चालायला लागला होता. मला ते आवडायचं.

"काय उपदेशक, या रविवारी कोणता माल?" त्याने विचारलं.

मी पुस्तक पुढे केलं. त्याने सावकाश वाचलं आणि म्हणाला, "हे तर आपलंच आहे रे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? बाई पोरीसाठी रडतीय, आणि तुझा प्रभू तिला कुत्र्यात काढतोय."

"पुढे वाच ना."

"वाचलं. ती म्हणते चुरा तरी द्या, आणि मग तो खूश होतो. आपल्या आज्या पाटलाच्या दारात हेच बोलायच्या. आम्ही त्या दारातून उठलो. तुम्ही अजून चुरा वेचताय."

तो हे कुचेष्टेने बोलला नाही. बोलून झाल्यावर त्याने आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून मला दिला, नेहमीसारखा. म्हणूनच ते बोलणं मनात रुतलं. भांडून बोलला असता तर मीही भांडलो असतो.

खरं दुखणं आईचं होतं. आमच्या घरात उष्टं खायचं नाही असा आईचा कडक नियम होता. घासभर भाकरी ताटात राहिली तर ती कावळ्याला जायची, पण दुसऱ्याच्या ताटात नाही. मग घरात पीठ थोडं का असेना. लहानपणी मी एकदा कारण विचारलं. ती म्हणाली, बाप्तिस्मा झाला तरी गावाची रीत बदलली नव्हती; शिळी भाकरी वरून पदरात टाकायचे, पदर चुकला तर मातीत पडायची. एवढंच सांगून ती उठली होती, आणि पुन्हा कधी त्या विषयावर बोलली नव्हती. आता त्याच आईला सतरंजीवर पहिल्या रांगेत बसवून मी समोर उभा राहणार, आणि कुत्र्यांचं आणि चुऱ्याचं वाचणार. वाचून वर म्हणणार, की बघा, हा विश्वास. माझ्याच्याने ते होणार नव्हतं. आणि ते होणार नसेल तर ज्याच्या नावाने मी उभा राहतो त्याच्यावर माझा तरी विश्वास उरला होता का, हा प्रश्न त्यामागोमाग येत होता.

बुधवारी आमच्या खोलीवर घरप्रार्थना होती. पुढच्या रविवारचा उतारा त्या वेळी एकदा मोठ्याने वाचायचा असतो, कारण आमच्या बऱ्याच बायकांना वाचता येत नाही. मी तेव्हा जे केलं ते लिहायला आजही जड जातं. मी तेवढा भाग गाळला. त्याच्या आधीचं वाचलं, एक पान उलटलं आणि थेट पुढे, प्रभूने डोंगरावर चार हजारांना जेवू घातलं तिथे गेलो. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. कोणी काही बोललं नाही. म्हाताऱ्या शेवंताबाईंनी प्रार्थना केली, सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि बायका आपापल्या घरी गेल्या. मला वाटलं, निभावलं. रविवारीही असंच करता येईल. पण दोन दिवसांत ते 'निभावलं'च मला खायला लागलं, आणि शुक्रवारी मी पत्र लिहिलं.

शनिवारी हरताळ होता. बस, ट्राम, टॅक्सी सगळं बंद. इस्पितळ आमच्याकडून पायी वीस मिनिटांवर. भेटीची वेळ चार ते पाच. पाळकसाहेबांच्या हातात पत्र द्यायचं आणि त्यांनी काही विचारायच्या आत सलाम करून निघायचं, असं ठरवून मी चारच्या सुमाराला फाटकाशी पोचलो.

फाटकात एक हातगाडी उभी होती. गाडीवर गोधडी, गोधडीत दहा-बारा वर्षांची मुलगी, आणि गाडीच्या दांड्याला धरून एक कोळीण. नऊवारी कासोटा, कपाळावर घामाने पसरलेलं कुंकू. वरळीच्या कोळीवाड्यातून तिने ती गाडी ढकलत आणली होती. वाटेत मोर्चा लागला, तर मोर्चातल्या माणसांनी घोषणा थांबवून वाट करून दिली, असं ती रखवालदाराला मोठ्या आवाजात सांगत होती, म्हणजे त्यानेही वाट द्यावी.

मी बाजूने जाऊ लागलो, तर तिने माझं मनगट धरलं. "ए भावा, बगतंस काय? धर हिला."

मी धरलं. मुलीचं अंग तापाने भाजत होतं आणि श्वास घेताना छातीतून आवाज येत होता. आम्ही दोघांनी तिला पायऱ्यांवरून वर नेलं. बायकांच्या वॉर्डाच्या दाराशी एक तरुण डॉक्टर उभे होते. हरताळामुळे पाळीचे दुसरे डॉक्टर आले नव्हते म्हणे. त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी वळून पाहिलंही नाही.

"खाट नाही. दुसरीकडे न्या."

"दुसरीकडं कशी नेऊ दादा? गाडीघोडी बंद हाय."

ते आत गेले. ती दारातच उभी राहिली. ते बाहेर आले, पुन्हा तिच्याकडे न पाहता पुढे गेले. ती मागे गेली. तिचा आवाज चढत होता आणि व्हरांड्यातली माणसं बघत होती. एक वॉर्डबॉय म्हणाला, "हिला बाहेर काढू का साहेब? पेशंटांना त्रास होतो."

डॉक्टर थांबले आणि चिडून म्हणाले, "बाई, खाटेवर आहेत त्यांचंच करायला मला दोन हात पुरत नाहीत. त्यांच्या तोंडचं औषध काढून रस्त्यावरच्यांना वाटत बसू का?"

मी मुलीला धरून उभा होतो. मला वाटलं, आता ही बाई एक तर शिव्या देणार, नाहीतर रडत निघून जाणार.

तिने दोन्ही केलं नाही. ती वाकली आणि वॉर्डात, खाटांच्या खाली पाहू लागली. मग सरळ होऊन म्हणाली, "खाट नको मना. खाटेखाली जागा हाय ना? तितं टाक माज्या पोरीला. खाटेखालची जमीन बी तुज्याच दवाखान्याची."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. चष्मा परत लावला तेव्हा ते पहिल्यांदा तिच्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी हसू म्हणेन, पण ते हरलेल्या माणसाचं नव्हतं. सकाळपासून उचललेलं ओझं कोणीतरी खाली ठेवायला सांगावं, तसा तो चेहरा होता.

"आणा तिला आत," ते म्हणाले. "खाली नको. त्या कोपऱ्यातल्या बाई उठून बसल्यात, त्यांची खाट देतो." आणि स्वतः पुढे होऊन त्यांनी मुलीचे पाय उचलले.

मुलीला सुई दिली, ऑक्सिजन लावला. अर्ध्या तासाने तिच्या छातीतला आवाज थोडा कमी झाला. मी का थांबलो होतो कोण जाणे. कोळीण व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती, तिने मला शेजारी बसायची खूण केली आणि कमरेच्या पिशवीतून सुपारी काढली. मी नको म्हटलं. मग न राहवून मी विचारलं, "मावशी, ते असं बोलले, तुम्हाला राग नाही आला?"

"नाय कसा? आला." तिने सुपारी कातरली. "पन राग घेऊन घरी गेले असते, तर राग ऱ्हायला असता आनि पोर गेली असती."

थोड्या वेळाने म्हणाली, "आनि तो माणूस वाईट नाय. मना ठावं होतं. वाईट असता तर मी कशाला त्याच्या मागं मागं फिरले असते?"

तेवढ्यात घंटा झाली. पाच वाजले होते. भेटीची वेळ संपली. पाळकसाहेब वरच्या मजल्यावर होते आणि पत्र माझ्या खिशात.

मी घरी आलो ते कसा आलो आठवत नाही. डोक्यात काही स्पष्ट झालं होतं असंही नाही. एवढंच, की आठवडाभर मी त्या उताऱ्यात एकच वाक्य पाहत होतो, आणि ती बाई मला दिसलीच नव्हती. यशवंताला नाही दिसली, मलाही नाही. आम्हाला दारात टाकलेला चुरा दिसला. दार न सोडणारी दिसली नाही.

आई चुलीशी होती. मी शुभवर्तमान उघडलं आणि तिला म्हणालो, "आई, उद्याचं एकदा वाचून दाखवू?"

"वाच की. बुधवारी गाळलेलं का?"

"तुला कळलं?"

"सगळ्यांना कळलं. अरे, आम्हाला अक्षर येत नाही, कान तर आहेत. शेवंताबाई जाताना म्हणाली, लेकराला आपली लाज वाटली बघ."

"तुमची नाही गं," मी म्हणालो. "मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

आई भाकरी थापत होती, ती थांबली नाही. "वाईट वाटतंच. म्हणून तर ते तोंडपाठ आहे. ती कोण माहितीय? आम्ही बायका तिला जिंकलेली म्हणतो. प्रभूशी वाद घालायला किती शहाणे आले, शास्त्री आले, परूशी आले. सगळ्यांची तोंडं बंद करून पाठवली त्यानं. एकटी ही बोलून जिंकली. आणि त्यानं हरून घेतलं, लेकरासाठी." भाकरी तव्यावर टाकून तिने पीठ लावलेला हात माझ्याकडे केला. "पाटलानं कधी हरून घेतलं होतं का? तेवढाच फरक. तो सांग उद्या, पुरे."

त्या शनिवारी मी पाळकसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे पहिल्यांदा शनिवारीच लिहायला बसलो. टीकाग्रंथ उघडला नाही. दीड पान झालं.

रविवारी हॉल भरला होता. मी वाचायला लागलो. बाईचं ओरडणं वाचलं, प्रभूचं गप्प राहणं वाचलं. मग ते वाक्य आलं. समोर आई, शेवंताबाई, सगळ्या. मी 'मुलांची भाकरी' म्हटलं आणि पुढच्या शब्दावर जीभ अडली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडली. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग डावीकडून शेवंताबाईंचा चिरका आवाज आला. त्यांनी ते वाक्य पुरं केलं, तो शब्दही न टाळता. आणि बाईचं उत्तर आलं तेव्हा सतरंजीवरच्या सगळ्या बायका एका आवाजात बोलल्या. त्यात कुठे विनवणी नव्हती. त्या ते उत्तर आपल्या घरचं असल्यासारखं बोलल्या. पुरुष माना वळवून बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्यातल्या कोणालाही हे ठाऊक नव्हतं.

शेवटची ओळ मी वाचली, तेव्हा जीभ मोकळी झाली होती. मग मी बोललो. म्हणालो, प्रभू असं का बोलला ते मला समजलेलं नाही आणि समजल्याचं सोंग मी करणार नाही. कोळिणीची गोष्ट सांगितली. आईने सांगितलेला फरक सांगितला, आईचं नाव न घेता. दहा मिनिटांत संपलं. बाहेर पडताना त्या साचेवाल्या काकांनी माझा हात घट्ट धरून ठेवला.

पुढच्या शनिवारी मी फळं घेऊन वॉर्डात गेलो. मुलगी बरी होऊन दोन दिवसांपूर्वी घरी गेली होती. मी त्या बाईचं नाव विचारलं, तर नर्स म्हणाली, "नाव कसलं, साऱ्या वॉर्डाला सुके बोंबील वाटून गेली. डॉक्टरांच्या टेबलाच्या खणातून अजून वास जात नाही." मी ती फळं वर पाळकसाहेबांना नेऊन दिली. त्यांना सगळं सांगितलं, पत्राचंसुद्धा. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बायका तिला जिंकलेली म्हणतात? मला एकीनेही सांगितलं नाही कधी." आणि बराच वेळ छताकडे बघून हसत राहिले. दीड महिन्यानंतर ते परत उपदेशाला उभे राहिले.

यशवंताने त्याच रविवारी संध्याकाळी गॅलरीत विचारलं होतं, "वाचलंस?"

"वाचलं."

"कुत्र्याचं पण?"

"मी अडलो. बायकांनी वाचलं."

"मग बरं," तो म्हणाला, आणि बशी पुढे केली. त्याला माझं पटलं असं मी म्हणणार नाही, आणि त्याला पटवावं असंही मला तेव्हा वाटलं नाही. तो ज्या दारातून उठला त्यातून उठणं खरंच होतं. माझं दार दुसरं होतं, एवढं मला कळलं होतं.

त्या शनिवारी हरताळ नसता तर ती बाई टॅक्सीने आली असती, माझं मनगट कोणी धरलं नसतं, आणि पत्र चार वाजून पाच मिनिटांनी पाळकसाहेबांच्या हातात गेलं असतं. ही जुळवाजुळव कोणी केली याबद्दल मी वाद घालत नाही. मी फक्त आभार मानतो. शरण जाणं म्हणजे मान खाली घालून गप्प बसणं, असं मी तोवर समजत होतो, आणि ते मला जमत नाही म्हणून स्वतःला अविश्वासी ठरवून मोकळा झालो होतो. आता वाटतं, जे सलतं ते तोंडावर बोलावं आणि तरी तिथून हलू नये, एवढंच आपल्याकडून मागितलेलं असतं. बाकीचं त्याचं त्याला करू द्यावं.

ते पत्र अजून माझ्या शुभवर्तमानात आहे, मी बुधवारी उलटून टाकलं होतं त्याच पानाशी. उपदेशाची पाळी अजूनही अधूनमधून माझ्यावर येते, आणि कठीण उतारा आला की मी आधी आईकडे जाऊन तो तिला पुरा वाचून दाखवतो. ती भाकरी थापत ऐकते. मध्येच कुठे माझा आवाज बारीक झाला, तर म्हणते, "ते परत वाच. मोठ्यानं."